तेल दे रे

सुप्याजवळ हायवेला एक नवा कॅफे निघाला आहे. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला करा. तिथल्या एका भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटी चिकटवल्या आहेत. पाठ भिंतीला, तोंड गिऱ्हाइकाकडे. काहींची फीत बाहेर ओढून खाली सोडली आहे आणि पंखा लागला की ती हलते. वर गुलाबी दिव्याच्या नळीत इंग्रजीत लिहिलंय की नव्वदचं दशक कधी गेलंच नाही. गेलं नाही तर भिंतीला कशाला चिकटवलंत, असं मी विचारणार होतो, पण मुलगी सोबत होती.

मी सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. इतकी वर्षं काम एकच. समोर आलेल्या मालात खोट काढायची आणि लाल चिठ्ठी लावायची. हे काम पुढे माणसाच्या हाडीमाशी खिळतं. बायको म्हणते, तुम्ही आमटीलासुद्धा चिठ्ठी लावता. लावतो. आमटी पातळ झाली असेल तर लावणारच.

"बाबा, तुझ्यासाठीच आणलंय इथे," ऋचा म्हणाली. "सगळं तुझंच म्युझिक लावतात. नाइन्टीज, इंडी, ऑल्टरनेटिव्ह."

माझंच म्युझिक एका कुंडीतल्या खोट्या झाडाच्या बुडख्यात लपवलेल्या स्पीकरमधून येत होतं. आमच्या वेळी ज्या गाण्यांना घरचे लोक 'बंद कर ते रडगाणं' म्हणायचे, ती आता चीज सँडविचबरोबर तोंडी लावायला देतात. मालक म्हणजे एक दाढीवाला पोरगा. त्याच्या अंगावर त्या काळातल्या एका बँडचा टीशर्ट. मी विचारलं, ह्यांचा पहिला अल्बम चांगला की दुसरा? तो गोड हसून म्हणाला, "सर, मी ऐकलं नाहीये अजून. मला फॉन्ट आवडला." चहाच्या मगावर कॅसेट आणि पेन्सिलीचं चित्र होतं. हे आणखी एक खूळ. ज्याला त्याला पेन्सिल आठवते. मी जन्मात कधी कॅसेटमध्ये पेन्सिल घातली नाही. आमच्याकडे करंगळी होती.

मग त्या भिंतीच्या बरोबर मधोमध, जिथे फोटो काढायला उभं राहतात तिथे, मला एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसली. निळ्या शाईत, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं सरळ अक्षर. आधीचे शब्द 'नाताळगीते – सराव'. ते एका रेघेने खोडलेले. खाली लिहिलेलं: 'दुसऱ्या खोलीतली. भिंगार स्पीड.'

"सर, ती आमची सगळ्यात फेमस कॅसेट आहे," पोरगा म्हणाला. "भिंगार स्पीड. किती फनी ना? भंगारवाल्याकडून पोतं उचललं होतं, त्यात निघाली."

भिंगारचं माणूस आणि भंगार, हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकतो. मी हसलो नाही. ते अक्षर शांतवनचं होतं.

शांतवन माझा भिंगारचा, म्हणजे नगरला लागूनच्या आमच्या गावचा, मित्र. कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरांची एक ओळ होती, त्यात आमच्या दोघांच्या दारांमध्ये फक्त एक कडुनिंब. त्याचे वडील पौलसकाका ऑफिसरांच्या मेसमध्ये आचारी. आई मिशनच्या शाळेत शिकवायची, तिला सगळी ओळ बाई म्हणायची, तिचा नवरासुद्धा. माझे वडील कचेरीत कारकून. चैत्रात त्या निंबाचा मोहोर दोन्ही घरांच्या पाण्याच्या माठात पडायचा आणि पाणी आठ दिवस कडवट लागायचं. बुटाच्या पॉलिशचा वास, फिनेलचा वास, मेसमधून येणारा कांदा तळल्याचा वास, हे सगळं एका वाऱ्यात यायचं. सूर्य बुडताना बिगुल वाजायचा. माळावर रणगाडे सरावाला निघाले की फळीवरची भांडी किणकिणायची आणि बाई न बघता एका हाताने बरणी धरायची.

साहेबांची बदली झाली की मागे काहीतरी राहायचं. कोणाची सायकल, कोणाची कुंडी. एकदा एका साहेबाच्या हॉस्टेलवाल्या मुलाने बुटाच्या खोक्यात अकरा कॅसेटी मागे टाकल्या आणि पौलसकाकांनी त्या शांतवनला आणून दिल्या. सगळ्या भरलेल्या. म्हणजे विकतच्या नव्हेत, दुसऱ्यावरून भरून घेतलेल्या. तेव्हा गाणी भरायची वस्तू होती, पाणी भरावं तशी. वर ना नाव ना गाव, नुसते एक ते अकरा आकडे. आता लोक त्या अल्बमांची नावं जपमाळेसारखी घेतात, कुठला कुठल्या साली आला, ढोलकवाला कोणत्या महिन्यात सोडून गेला. आम्हाला त्या माणसांची नावंच ठाऊक नव्हती. म्हणून आम्ही आपली ठेवली. एकीत गिटार बांबूत अडकलेल्या भुंग्यासारखी वाजायची, ती 'भुंग्याची'. एकीत एक बाई गिटार घेऊन एकटीच कोणाला तरी रागे भरायची, धुणं वाळत घालताना भरतात तसं. ती 'चिडक्या बाईची'. एक 'खडखडी'. आणि सात नंबर, आमची लाडकी. तिच्यातला माणूस पलीकडच्या खोलीत दार लावून गातो आहे असं वाटायचं, आणि ऐकणाऱ्याने दार वाजवू नये असंही वाटायचं. ती 'दुसऱ्या खोलीतली'.

दुपारी बाई शाळेत असायची तेव्हा आम्ही ती ऐकायचो. जमिनीवर पालथं पडून, शहाबादी फरशीला गाल लावून. फरशी गार असायची आणि खालून गाणं गालात यायचं. इंग्रजी आम्हाला परीक्षेपुरतं यायचं, गाण्यापुरतं येत नव्हतं. त्या कॅसेटच्या शेवटच्या गाण्यात तो माणूस पुन्हा पुन्हा एकच ओळ म्हणायचा. शांतवनने कान लावून लावून ती शोधून काढली.

"तेल दे रे म्हनतोय," तो म्हणाला.

"येडा झालास का? गोऱ्याला कशाला तेल लागतंय?"

"ऐक तू नीट. तेल दे रे, तेल दे रे. लई कळवळून म्हनतोय."

मी नीट ऐकलं. तेल दे रे असंच म्हणत होता. नेमकं त्याच आठवड्यात त्यांचा टेपरेकॉर्डर आतून कुरकुरायला लागला होता. शांतवन म्हणाला, बघ, मशीनच मागतंय. बाईच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी होती, तिची सोंड आत घालून आम्ही तेल दिलं. शहाण्याने दोन थेंब दिले असते. आम्ही त्या माणसाचा कळवळा बघून दिलं. कुरकुर थांबली. आणि गाणी सावकाश झाली. आत रबरी पट्टा असतो, त्याला तेल लागलं की तो घसरतो आणि फीत हळू फिरते, हे आता मी कोणालाही समजावून सांगेन. तेव्हा आम्हाला वाटलं की आता खरा आवाज निघाला. माणसाचा गळा खाली उतरला, जड झाला. पन्नाशीचा, खूप सोसलेला, कोणावरही न रागावलेला माणूस. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला त्याला वेळ मिळायला लागला. पुढची तीन वर्षं आम्ही तसंच ऐकलं. शांतवन चर्चच्या क्वायरमध्ये होता. तिथेही तो असं जड, सावकाश गायला लागला, आणि पेटीवाले काका डोळे वटारून त्याला पुढे ओढायचे.

मग मी डिप्लोमाला पुण्याला गेलो आणि शहाणा झालो.

हॉस्टेलवर एका पोराच्या खोलीत पहिल्याच महिन्यात सात नंबर लागली. मला ओळखूच आली नाही. कोणीतरी विशीतला पोरगा गडबडीने, किनऱ्या आवाजात गात होता, त्याची बस सुटत असावी तसा. शेवटच्या गाण्यातली ओळ आली तेव्हा लक्षात आलं. 'टेल द रेन'. पावसाला सांग म्हणत होता. तेल नव्हतंच. चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही. म्हणालो, हो, हा आहे माझ्याकडे, चांगला अल्बम आहे. मग रात्रीचा दिवस करून मी सगळी नावं पाठ केली. कोण कुठला, कोण कोणाच्या आधी. कोणी काही लावलं की मी म्हणायचो, ह्यांचं आधीचं बरं होतं. हे एक वाक्य आलं की त्या मंडळात माणूस जाणकार होतो. आजही होतो.

दिवाळीत त्यातले दोन मित्र भिंगारला आले. त्यांना दाखवायला माझ्याकडे किल्ला नव्हता की तळं नव्हतं, म्हणून मी त्यांना शांतवन दाखवला. त्याच्या खोलीत बसवून म्हटलं, लाव रे सात नंबर. त्याने हौसेने लावली. ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मी ती तेलाची गोष्ट सांगितली. सगळी, नकला करून. तेल दे रे कसं म्हणायचा, कुपी कशी घातली. "ह्याच्याकडे सगळी इंग्रजी गाणी म्हशीच्या चालीने चालतात," असं म्हणालो. ते दोघं हसून हसून लोळले. शांतवनही हसला. चांगला मोठ्याने हसला आणि उठून चहा टाकायला गेला. चहात साखर जास्त झाली होती, तेही मी बोलून दाखवलं.

नाताळात मी घरी आलो तेव्हा त्याच्या घरात करंज्यांचा वास होता आणि दाराला कागदी चांदणी. तो मला बाहेर निंबाखाली घेऊन गेला. त्याने खिशातून कॅसेट काढून दिली. नाताळगीते खोडलेलं, खाली भिंगार स्पीड. क्वायरच्या सरावाची कॅसेट त्याने पुसून टाकली होती. त्यावरून पेटीवाल्या काकांनी सगळ्यांसमोर त्याचा कान धरला होता, हे मला आमच्या आईने सांगितलं होतं.

"काय हे?" मी म्हटलं.

"आपली सात नंबर. भरली हाय तुझ्यासाठी. चर्चचा टेप आनला हुता दोन दिवस, त्याच्यावर भरली." मग म्हणाला, "पुन्यात लाव. हितं नको."

मला तो टोमणा वाटला. तुझं पुण्यातलं शहाणपण पुण्यातच ठेव, असं काहीतरी. शिवाय हे म्हणजे एका टेपसमोर दुसरा टेप ठेवून भरलेलं. खरखर, घरातले आवाज, सगळा रिजेक्ट माल. मी अजून क्वालिटीला लागलो नव्हतो, पण लक्षणं होती. मी कॅसेट त्याच्या हातात परत दिली.

"मी ओरिजनल घेतलीय," मी म्हणालो. "हे कशाला आता?"

"बरं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे मंग."

भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं असतं. पुढे मी भिंगारला आलो की तो क्वायरला गेलेला असायचा, आणि तो निंबाखाली असला की मला घरात काम निघायचं. मग त्याला नेवाशाला शाळेत नोकरी लागली, मला सुप्यात. पौलसकाका गेले, बाई गेली, क्वार्टर रिकामं करून द्यावं लागलं. प्रत्येक वेळी मला आईकडून कळलं आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो की जाऊन येतो. नगर ते नेवासा काय लांब आहे? माणसं सकाळी जाऊन जेवायला घरी येतात.

आणि इतकी वर्षं मी काय केलं, तर ओरिजनल जमवल्या. माझ्याकडे एक कॅसेट डेक आहे. दर महिन्याला त्याचं हेड स्पिरिटने पुसतो, पट्टे बदलतो, आणि स्पीड मोजून बघतो. त्याच्यावर ते अल्बम लावतो. खरं सांगू? मला ते आवडत नाहीत. एकही नाही. ती सगळी चांगल्या घरची विशीतली पोरं आहेत, कोणी ताटातली भाजी आवडली नाही म्हणून रडतंय असं वाटतं. मी दर वेळी वाट बघतो की आता तो माणूस येईल, जड गळ्याचा, आणि दर वेळी तो किनरा पोरगा येतो. तरी मी मित्रांसमोर मान डोलावतो. कॅफेवाल्या पोराला मी मनात हसलो खरा. पण त्याने निदान फॉन्ट आवडला म्हणून सांगितलं, मला तेवढंही कधी सांगता आलं नाही.

"ही मला पाहिजे," मी त्या पोराला म्हणालो.

"सर, ते डेकोर आहे."

"बाबा, प्लीज," ऋचा म्हणाली. तिला वाटलं मी तमाशा करणार. मी करणारच होतो. पण पोरगा म्हणाला की देतो, फक्त भिंतीसमोर एक फोटो द्या, आमच्या पेजला टाकतो, ओजी, म्हणजे अस्सल जुना, फॅन म्हणून. मी उभा राहिलो. दोन बोटं वर करा म्हणाला, केली. मग त्याने पातळ सुरी घालून कॅसेट भिंतीवरून सोडवली. मागे गोंदाचा गोळा तसाच होता.

रविवारी दुपारी मी तो गोंद ब्लेडने खरवडला, करंगळी घालून फीत ताणून घेतली आणि कॅसेट डेकमध्ये ठेवली. ऋचा शेजारी फरशीवर बसली. मला वाटलं होतं सगळं उडून गेलं असेल.

आधी खरखर. मग कोणीतरी घसा साफ केला. आणि तो माणूस आला.

तोच. पन्नाशीचा, जड, सावकाश. माझ्या नीट मोजलेल्या डेकवर, बरोबर स्पीडला, भिंगारचा स्पीड. शांतवनने आपल्या तेल प्यालेल्या मशीनवर कॅसेट लावली होती आणि बरोबर चालणाऱ्या मशीनवर ती भरली होती. म्हणजे पुण्यातल्या चांगल्या मशीनवर लावली की आमच्यासारखी ऐकू येईल. भिंगारच्या मशीनवर लावली असती तर हळूची आणखी हळू झाली असती. म्हणून हितं नको. टोमणा नव्हताच, वापरायची सूचना होती. आणि स्पीड चुकतोय हे त्याला कळलं कुठून, तर माझ्या नकलेतून.

गाण्याच्या मागे सगळं घर होतं. बिगुल वाजला. लांब रणगाडे गेले आणि फळीवरचं काहीतरी किणकिणलं, मग थांबलं. बाईने बरणी धरली असणार. शेवटचं गाणं सुरू झालं आणि तिचा आवाज आला, स्वच्छ, शाळेतल्यासारखा.

"शांतवन, नळाला पाणी आलं. ऊठ."

"थांब ना आई. भरतोय."

"तू काय भरतोयस? भरते तर मी आहे."

आणि मग त्या गाण्याखाली हंडा भरत जाण्याचा आवाज, आधी पोकळ, मग वर वर चढत गेलेला. त्याच्यावर तो माणूस कळवळून म्हणत होता, तेल दे रे, तेल दे रे. ऋचाला ते ऐकू आलं. ती म्हणाली, "बाबा, हा मराठीत गातोय?" मी म्हटलं, हो. कॅसेटच्या शेवटी गाणं संपल्यावर एकोणीस वर्षांचा शांतवन तोंड जवळ आणून म्हणाला, "झाली. बरूबर लागली का सांग." आणि टेप बंद केल्याचा खटका.

मला रडू आलं, ते मुलीसमोर आलं, आणि तिने मोबाईल बाजूला ठेवला हे तिचे उपकार. इतकी वर्षं मी लोकांच्या मालाला चिठ्ठ्या लावत आलो. हा एकच माल मला तपासून सांग म्हणून दिला होता, आणि तो मी न लावताच परत केला होता.

भिंगारला चर्चशेजारी राहणाऱ्या एका काकांकडून नंबर मिळाला. मी फोन लावला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"कोन बोलतंय?" आवाज जड झाला होता, सावकाश. मला तो लगेच ओळखू आला, त्या माणसासारखाच झाला होता.

मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "बोल."

तयारी करून ठेवलेलं सगळं मी विसरलो. "कॅसेट लावली," मी म्हणालो. "तू भरलेली. सात नंबर."

शिट्टी आणखी एक झाली.

"स्पीड बरूबर हुता का?" त्याने विचारलं.

"बरोबर होता," मी म्हणालो. "एकदम बरोबर होता, शांतवन."

"बरं," तो म्हणाला. "तेवढंच इचारायचं हुतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण त्याच्या घरात कोणीतरी, त्याची बायको असावी, कोणाचा फोन म्हणून विचारत होती. त्याने फोनवर हात ठेवला, तरी मला ऐकू आलं.

"कोन न्हाई," तो तिला म्हणाला. "भिंगारचा हाय."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.